सिगारच्या कारखान्यातला वाचक

क्यूबाचा सिगार चाखणाऱ्या मंडळींची एक वेगळीच भाषा असते. पेटवण्याआधी ते सिगार नाकाशी धरतात, बोटांनी हलकेच दाबून बघतात आणि टोक कापून, न पेटवताच एक झुरका घेतात. मग धूर छातीत न घेता तोंडातच घोळवतात आणि सांगतात, सुरुवातीला देवदारासारख्या लाकडाचा वास आहे, मध्ये साय आणि भाजलेला बदाम, शेवटाला किंचित मिरी. आपल्याकडे चहा चाखणारे तज्ज्ञ असतात, तसाच हा प्रकार. या जाणकारांना सौम्य क्यूबन सिगार कोणता, असं विचारलं तर बरेच जण 'ओयो दे मोंतेर्रेई' हे नाव घेतात. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र आधीच सांगायला हवं. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या नि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. पण आजचा विषय धुराचा नाही, तो सिगार वळणाऱ्या हातांचा आहे.

हा सौम्यपणा येतो कुठून? तंबाखूच्या एकाच रोपावर तीन स्वभावांची पानं असतात. खालची पानं हलकी, पण चांगली जळणारी. मधली सुगंधी. शेंड्याकडची पानं सर्वांत जास्त ऊन खातात, म्हणून जाड आणि कडक. शेंड्याचं पान कमी घातलं की सिगार सौम्य होतो. या मिश्रणाभोवती एक बांधणीचं पान येतं आणि सर्वांत वर, कापडाच्या सावलीत वाढवलेलं रेशमासारखं तलम पान. हे सगळं हातानंच होतं. लाकडी फळी, 'चावेता' नावाचं अर्धगोल पातं आणि थोडा डिंक, एवढीच हत्यारं. यंत्राची घरघर नाही. शे-दोनशे माणसं एका दालनात बसतात, पण दालन शांत असतं. हात गुंतलेले, डोळे पानावर खिळलेले आणि कान मात्र रिकामे.

या रिकाम्या कानांना १८६५ मध्ये काम मिळालं. स्पेनमधल्या कातालोनियातून आलेल्या होसे हेनेर यांचा 'ओयो दे मोंतेर्रेई' हा छाप त्याच वर्षीचा. हवाना शहरात सातुर्निनो मार्तीनेस नावाचा एक तरुण होता. स्वतः सिगार वळणारा कामगार, आणि कवीही. त्यानं त्या वर्षी ऑक्टोबरात 'ला आउरोरा', म्हणजे 'पहाट', नावाचं कामगारांचं साप्ताहिक काढलं. अडचण एकच होती. ज्यांच्यासाठी ते काढलं, त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं. मग डिसेंबरात 'एल फिगारो' कारखान्यात एक साधा उपाय निघाला. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचं. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागते, तसंच काहीसं.

पण वाचणाऱ्याच्या मजुरीचं काय? तो वाचत असताना त्याचे सिगार कोण वळणार? कामगारांनी ठरवलं की त्याची भरपाई आपण करायची, स्वतःच्या मजुरीतून. मालकानं द्यायची नाही आणि सरकारनंही नाही. मला या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पैसे आपले, म्हणून पुस्तकही आपण निवडायचं. पुढे तर मतं घेऊन पुस्तकं ठरू लागली. वर्तमानपत्र, इतिहास, अर्थशास्त्र, कादंबऱ्या, सगळं वाचलं जाई. एखादा उतारा आवडला की टाळ्या कशा वाजवणार? हातात तंबाखू! मग सगळे आपापलं पातं फळीवर ठोकत. ही दाद आजही तशीच दिली जाते.

१८६६ च्या जानेवारीत हाइमे पार्तागास यांच्या मोठ्या कारखान्यात वाचन सुरू झालं आणि तिथून इतरत्र पसरलं. मग सत्ताधाऱ्यांना जाग आली. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि तिथे गुलामगिरीही चालू होती. ती १८८६ मध्ये संपली. कामगारांच्या कानावर काय पडतं, ही अशा राजवटीला काळजीचीच बाब. मे १८६६ मध्ये गव्हर्नरचा हुकूम निघाला की पुस्तकं वा वर्तमानपत्रं वाचून कारखान्यातल्या कामगारांचं लक्ष विचलित करायला मनाई आहे. सहा महिन्यांत एक वाचणारा माणूस सरकारला धोकादायक वाटू लागला होता.

१८६८ मध्ये स्पेनविरुद्ध दहा वर्षांचं युद्ध पेटलं. हजारो क्यूबन समुद्र ओलांडून फ्लोरिडाला गेले. की वेस्ट बेट हवानापासून जेमतेम एकशे सत्तर किलोमीटरवर. पुढे विसेंते मार्तीनेस इबोर या कारखानदारानं टँपाजवळ आपल्या नावाची वसाहतच उभी केली, इबोर सिटी. तंबाखूबरोबर वाचकही तिथे गेला. तिथे त्याला उंच व्यासपीठ मिळालं आणि बंदीची भीती राहिली नाही. नोव्हेंबर १८९१ मध्ये क्यूबाच्या स्वातंत्र्याचे नेते होसे मार्ती टँपाला आले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेले सिगार कामगार अडाणी जमाव नव्हते. वर्षानुवर्षं ऐकून तयार झालेला तो श्रोतृवर्ग होता. आपल्या मजुरीचा काही भाग हे कामगार स्वातंत्र्याच्या चळवळीला देत. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारमध्ये गुंडाळून क्यूबात पाठवला, असं सांगितलं जातं.

या वाचनाची खूण सिगारच्या पेटीवरही राहिली, असं म्हणतात. 'मोंतेक्रिस्तो' हा छाप १९३५ चा. अलेक्झांडर ड्यूमा यांची सूड घेणाऱ्या काउंटची कादंबरी कारखान्यांत फार लाडकी होती आणि तिच्यावरूनच हे नाव पडलं, असं सांगतात.

टँपातल्या वाचकाचा शेवट मात्र आपण रेडिओवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९३१ च्या नोव्हेंबरात मालकांनी वाचकांना काढून टाकलं, कारण ते जहाल मजकूर वाचून कामगारांना भडकवतात. कामगारांनी संप केला, पण ते हरले. वाचकाच्या जागी दालनात आला तो रेडिओ. आवाज तसाच भरून राहिला, पण तो कोणाचा असावा हे आता ऐकणारा ठरवत नव्हता. क्यूबात १९२३ पासूनच काही कारखान्यांत रेडिओ आला होता, पण तिथे तो वाचकाच्या शेजारी बसला, त्याच्या खुर्चीवर नाही.

क्यूबातला वाचक आजही आहे. २०१२ मध्ये या प्रथेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा मान मिळाला. सकाळी तो वर्तमानपत्र वाचतो आणि दुपारी कादंबरी. १९६० मध्ये कारखाने सरकारच्या ताब्यात गेले आणि वाचकाला आता कारखान्याकडून पगार मिळतो. नोकरीची शाश्वती आली, पण सकाळी जे 'ग्रान्मा' वाचलं जातं, ते सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र आहे. कादंबरी मात्र अजून कामगारांच्या पसंतीनं ठरते.

अशी प्रथा आपल्या देशातही होती. केरळातल्या कण्णूर भागात विडी कामगार एकाला वर्तमानपत्र वाचायला बसवत आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. हवाना आणि कण्णूर यांच्यात अर्ध्या जगाचं अंतर, पण दोन्हीकडे हिशोब तोच होता. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला प्रत्येक मिनिटाची किंमत माहीत असते आणि तरीही त्यानं त्यातली काही मिनिटं एका पुस्तकासाठी मोजून दिली. सौम्य सिगारला सुगंधाचे किती गुण आणि जळण्याचे किती, हे चाखणारे ठरवोत. तो वळताना कोणतं पुस्तक चालू होतं, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)