तीन डॉलरची फी: डोळे कोणी तपासायचे?

डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं की आपण बहुतेक जण आधी चष्म्याच्या दुकानात जातो, डॉक्टरकडे नाही. ही सवय योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, कारण त्यात एकाच वादात दोन प्रश्न मिसळलेले दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चष्मा म्हणजे फेरीवाल्याकडची वस्तू. चार-पाच लावून बघायचे, बरा वाटेल तो घ्यायचा. मग चित्र भराभर बदललं. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झने ऑप्थॅल्मोस्कोप जाहीर केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसू लागला. 1862 मध्ये उट्रेख्टच्या स्नेलेनचा अक्षरांचा तक्ता आला. 1864 मध्ये त्याच गावच्या डाँडर्सने नंबरामागचं प्रकाशशास्त्र ग्रंथात नीट मांडलं. हे सगळं डॉक्टर मंडळींचं काम. पण मोजमापाची पद्धत एकदा लिहिली गेली की ती शिकायला डॉक्टरच असावं लागतं, असं नाही.

न्यूयॉर्कचा चार्ल्स प्रेंटिस हा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला ऑप्टिशियन. भिंगाचं केंद्र सरकलं की प्रिझमचा परिणाम किती होतो, हे सांगणारा त्याचा नियम आजही शिकवतात. 1892 मध्ये त्याने एक रुग्ण हेन्री नॉइस या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवला. नॉइसची हरकत भलतीच निघाली: प्रेंटिसने तपासणीचे तीन डॉलर घेतलेच कसे? चष्मा विकून पैसे घ्या, तपासणीची फी हा डॉक्टरांचा हक्क. वाद कायदेमंडळापर्यंत गेला. ऑप्टोमेट्रीचा अमेरिकेतला पहिला कायदा 1901 मध्ये मिनेसोटाने केला. न्यूयॉर्कचा 1908 मध्ये झाला.

आता नीट बघा. एक प्रश्न होता, पैसे कोणी घ्यायचे. दुसरा होता, नंबर काढताना रोग निसटला तर काय? पहिला प्रश्न कायद्याने सोडवला. दुसरा अजून आपल्यासमोर आहे.

तक्ता फक्त मधली, समोरची नजर मोजतो. काचबिंदूत मात्र बहुधा आधी बाजूची नजर जाते, तीही न दुखता. म्हणजे तक्त्यावर 6/6 वाचणाऱ्याला काचबिंदू असू शकतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. यात तक्त्याची चूक नाही. आपण त्याला जे विचारलं, त्याचंच उत्तर तो देतो. प्रेंटिसचं या कथेतलं मोठेपण मला इथेच दिसतं: फी घेणाऱ्या त्या माणसाने रुग्ण पुढे पाठवलाही होता.

म्हणून नंबरासाठी प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टकडे खुशाल जा. पण अचानक नजर कमी होणं, दुखणं, लाली, दिव्याभोवती वलयं किंवा घरात काचबिंदू असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि तुमच्या प्रयोगात एखादं मोजमाप ‘नॉर्मल’ आलं, तर आधी विचारा: हे साधन नेमकं काय मोजत नाही?