ओले अंथरूण आणि कोंडलेला श्वास

१/ सन १९११. इंग्लंडमधील एका निवासी शाळेत आठ वर्षांचा मुलगा दाखल झाला आणि रात्री त्याचे अंथरूण ओले होऊ लागले. त्याला छडीचे फटके मिळाले. पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने गाजलेल्या या लेखकाने लिहून ठेवले की, ही गोष्ट तेव्हा जाणूनबुजून केलेला गुन्हा मानली जाई.

२/ घरापासून तुटलेल्या मुलांत असे घडणे स्वाभाविक असते, हेही ऑर्वेलने नोंदवले. परंतु अंथरूण ओले होण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक कारण नाकाघशात दडलेले असते. ते उमगण्याचा हा इतिहास.

३/ १८६८ मध्ये कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात वाढणाऱ्या मांसल उंचवट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच अ‍ॅडेनॉइड्स. ते वाढले की मूल तोंडाने श्वास घेते, नाकात बोलते, त्याला कमी ऐकू येते. मायर नाकपुडीतून कड्यासारखे पाते घालून ते काढीत.

४/ १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले की, ‘मठ्ठ’ ठरवलेल्या काही मुलांचे खरे दुखणे नाकाच्या मागे असते. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांच्या पाठ्यपुस्तकात अशा मुलांची अस्वस्थ झोप आणि मध्येच थांबणारा श्वास यांचे वर्णन आले. त्याच सुमारास काही नाक-घसा तज्ज्ञांना आढळले की, अडथळा काढल्यावर काही मुलांचे अंथरूण कोरडे राहू लागते.

५/ मात्र विसाव्या शतकात लक्ष मनाकडे वळले. १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी या तक्रारीचा संबंध लैंगिकतेशी जोडला. मुलाचा श्वास ऐकण्याऐवजी त्याच्या मनाचा दोष शोधला जाऊ लागला.

६/ १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो व सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या ८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोरण्यासोबत दिसणाऱ्या लक्षणांत दिवसा येणारी झोप, अभ्यासातील घसरण आणि ओले अंथरूणही होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील वायडर व सहकाऱ्यांनी अशा ११५ मुलांचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रियेनंतर ओल्या रात्रींचे प्रमाण बरेच घटले.

७/ श्वासाचा लघवीशी संबंध कसा? १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी दाखवले की, हृदयाच्या कप्प्यांतील एक द्रव्य मूत्रपिंडांना अधिक क्षार व पाणी बाहेर टाकायला लावते. बंद श्वासमार्गाविरुद्ध मूल जोर लावते तेव्हा छातीतील दाब घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि हे द्रव्य अधिक सुटते. शिवाय सतत मोडणाऱ्या झोपेने थकलेल्या मुलाला मूत्राशय भरल्याचा इशारा जागे करू शकत नाही. या दोन्ही गोष्टी मिळून अंथरूण ओले होते, असे मानले जाते.

८/ अर्थात, अंथरूण ओले करणाऱ्या प्रत्येक मुलाचा श्वास अडलेला नसतो. आनुवंशिकता आणि सावकाश होणारी वाढ ही कारणे अधिक आढळतात आणि बहुतेकांची तक्रार वयानुसार जाते. शस्त्रक्रिया हा सरसकट उपाय नव्हे.

९/ आपल्याकडे मूल घोरू लागले की ‘किती गाढ झोपलंय’ असे कौतुकाने म्हणतात आणि सकाळी ओल्या गादीसाठी तेच मूल रागावणे ऐकते. या दोन गोष्टी एकाच मुलात दिसल्या, तर डॉक्टरांना दोन्ही सांगाव्यात. झोपेत घडलेल्या गोष्टीबद्दल शिक्षा मात्र कोणत्याही मुलाला होऊ नये.