बाबा, चपला घाला

बाबा, हल्ली आईचं नाव निघालं की तुम्ही पलंगापाशीच येऊन थांबता. हवेची गादी, तिच्या पंपाची घरघर, चमच्याने भरवलेलं घट्ट पाणी, शेवटचा न्यूमोनिया. त्याच्या पलीकडे जायला तुमचं मन तयार नाही. म्हणून आज मी तुम्हाला हाताला धरून मागे नेणार आहे. चपला घाला.

पहिला थांबा जवळचाच. 2019, मालाड पूर्वेचं आपलं घर, रात्रीचे अडीच. गजर वाजण्याआधी तुम्ही जागे झाला आहात. दर दोन तासांनी कूस बदलायची. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी, आणि पोटरीखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. तुमचे हात हे सगळं न अडखळता करतात. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं? तिनेच, जीभ जड होण्याआधी. "ओढू नका, कातडी सोलवटते. खालच्या चादरीसकट उचला." "लाल डाग दिसला की बोटाने दाबा. पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर त्या कुशीवर झोपवू नका." सकाळी मी आले की तुम्ही मला रिपोर्ट द्यायचात, वहीत बघून: पाणी किती, लघवी कितीदा, गोळी किती वाजता. एखादी ओळ राहिली तर ती पापण्यांनी खूण करायची. ड्युटी बदलताना हॅण्डओव्हर अर्धवट चालत नसे, घरातही नाही.

आणखी मागे चला. 7 मार्च 2011. टीव्हीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगत आहेत. आईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग 1973 मध्ये तिथेच झालेल्या लैंगिक हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या होत्या; त्यांना जगवणं थांबवावं म्हणून लेखिका पिंकी विराणींनी केलेला अर्ज न्यायालयाने फेटाळला, मात्र काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा खुली केली. आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असंही म्हटलं. आई सोफ्याच्या कडेवर बसली आहे. रिमोट धरलेला उजवा हात थरथरतो आहे, तो तिने डाव्या हाताखाली दाबून धरलाय. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी फोन वाजतच आहेत, जुन्या सिस्टर एकमेकींना कळवताहेत. "वॉर्ड नंबर चारमध्ये पेढे वाटताहेत," ती म्हणते आणि रडते. तुम्ही तिच्याकडे बघता, तिच्या हाताकडे बघता, आणि विचारायचं ते विचारत नाही.

विराणींचा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. जगवणं आणि जगणं यांतलं अंतर आपण या घरात पाहिलं आहे. पण ज्या बाईने आपली ड्युटी आली की अरुणाचं अंग पुसलं, तिला मऊ जेवण भरवलं, तिची कूस बदलली, तिच्यापुढे तो प्रश्न मांडताना मला नेहमी आवाज खाली आणावासा वाटतो. 42 वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला जखम होऊ न देणं म्हणजे काय, हे तुम्हाला आणि मला आता माहीत आहे. बाहेरचे लोक त्याला माया म्हणून मोकळे होतात. माया होतीच, पण तिच्या जोडीला विद्या होती, शिस्त होती, आणि रात्री अडीच वाजता उठणारं शरीर होतं.

एक वर्ष मागे. 2010. दुधाच्या हिशेबाची डायरी उघडा. जानेवारीतली अक्षरं टपोरी आहेत. जूनपर्यंत ती बारीक होत जातात, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढी. हे तुम्ही पाहिलं नाही, मीही नाही. तिने पाहिलं. डॉक्टरांकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात तुम्हाला म्हणाली, "मला कंपवात झालाय. माझंच अक्षर सांगतंय." लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं, त्याला दोनशे वर्षं उलटून गेली तरी मुळावर घाव घालणारं औषध नाही. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते. तेच लेव्होडोपा खाजकुयरीच्या बियांत असतं हे कळल्यावर देवगडकडची ती हसत सुटली: "लहानपणी जिच्यापासून पळालो, तीच शेवटी कामाला आली!" गोळी आणि डाळ-दूध यांत अंतर ठेवायचं, नाहीतर प्रथिनं गोळीला आत शिरू देत नाहीत, हे वेळापत्रकही तिनेच भिंतीवर लावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायला लागले, तेव्हा तुम्ही फरशीवर पिवळ्या टेपच्या पट्ट्या आडव्या मारल्या. पट्टी दिसली की पाऊल उचललं जायचं. तुम्ही पुढे उभे राहून म्हणायचात, "सिस्टर, ड्युटीला उशीर होतोय," आणि ती एक-दोन, एक-दोन मोजत यायची.

आता थरथर मागे राहिली. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. गाड्या बंद, फोन बंद, तुम्ही खिडकीशी. ती परळला केईएममध्येच आहे, कारण तिच्या जागी येणारी सिस्टर पोचू शकलेली नाही. पाळीवर पाळी करून ती घरी येते तेव्हा पाय पांढरे पडलेत, आणि पहिलं वाक्य: "तुम्ही उकळलेलं पाणीच प्यालात ना?"

12 मार्च 1993. शुक्रवार. मुंबईत बॉम्बस्फोट: सेंच्युरी बाजार, प्लाझा. जखमी केईएमकडे येताहेत. त्या रात्रीबद्दल ती कधीच बोलली नाही, म्हणून मीही तुम्हाला इथे थांबवत नाही.

1982. गिरण्यांचा संप. परळमधून तिच्या वॉर्डात येणाऱ्यांचे डबे रिकामे होत चालले आहेत. तुम्हाला आठवतं, त्या वर्षी आपल्या घरातून जाणारा डबा मोठा झाला होता? मी शाळेतून आले की तिच्या हाताला स्पिरिटचा वास यायचा. काचेच्या सिरिंज उकळायच्या, गॉज कापून ड्रम भरायचे, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. घरच्या पलंगाचे कोपरेही तिने तसेच दुमडले आणि आपण तिला त्यावरून चिडवलं. याच दशकात पालिकेने अरुणाला केईएमबाहेर हलवायचं ठरवलं, तेव्हा सिस्टर्स उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. त्यांच्यात ती होती. माझी शाळा, तुमचा बॉम्बे टॉकीज कंपाउंडमधला गाळा, नळाला येणारं पहाटेचं पाणी, हे सगळं सांभाळून.

अजून थोडं. 1975, मालाडची चाळ, तुमच्या आईची खोली. मुलगी बघायचा कार्यक्रम. पोहे झालेत. तुमचे मामा घसा खाकरून म्हणतात, "नोकरी ठीक आहे, पण रात्रपाळी? आणि त्या केईएमच्या प्रकरणानंतर?" खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही. 27 नोव्हेंबर 1973 च्या अरुणावरच्या हल्ल्याला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. त्या हल्ल्यानंतर शहरातल्या नर्सेसनी अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी काम बंद ठेवलं होतं. ही समोर बसलेली सडपातळ मुलगी त्यांतलीच. ती मान वर करते. "सोडायची असती तर तेव्हाच सोडली असती. रात्रपाळी मी करणार." दोन्हीकडची माणसं तुमच्याकडे वळतात.

बाबा, इथे तुम्हीच बोलायचं. तुम्ही काय म्हणालात ते आजी मला नेहमी सांगायची, दरवेळी थोडं वाढवून. पण गाभा तोच: "स्टेशनपर्यंत मी सोडायला जाईन."

आणि तुम्ही गेलात. बघा, त्याच वर्षीचा पाऊस, तुम्ही दोघं एका छत्रीत, चिखल चुकवत मालाड स्टेशनकडे. तिच्या पिशवीत इस्त्रीचा पांढरा गणवेश आणि कागदात गुंडाळलेली टोपी. चर्चगेट स्लो येते. ती लेडीज डब्यात चढते, दारातल्या दांड्याला घट्ट धरते आणि गाडी सुटता सुटता सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडते, "आमटी पातेल्यात आहे, गरम करून खा! आणि सकाळी घ्यायला येऊ नका, झोपा!"

तुम्ही सकाळी गेलातच.