रिकामी वेदी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मरणाचा विषय काढलेला आमच्या आईला मुळीच खपत नसे. तरी आज तो काढतो, कारण निमित्त दिवाळीचेच आहे. ३० ऑक्टोबर १८८३ या दिवशी, ऐन दिवाळीच्या अमावास्येस, स्वामी दयानंद सरस्वती अजमेर येथे निवर्तले. आणि अडीच महिनेही पुरते लोटले नाहीत तोच, ८ जानेवारी १८८४ रोजी, कलकत्त्यास केशवचंद्र सेन वारले. एक वेदांचा कडवा अभिमानी, दुसरा सर्व धर्मांचे सार एकत्र करू पाहणारा. मुंबईशी दोघांचाही ऋणानुबंध. केशवचंद्र १८६४ साली मुंबईस येऊन गेले, त्यानंतर तीनच वर्षांत तेथे प्रार्थना समाज उभा राहिला. आर्य समाजाची तर स्थापनाच मुंबईत, १८७५ साली, झाली.

हे आठवण्यास कारण घडले. गेल्या वर्षी आमच्या गावच्या एका महाराजांनी देह ठेवला आणि स्मृतिअंकासाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला. महाराजांचे उपकार खरे होते. त्यांच्या अन्नछत्रात जेवून शिकलेली मुले मी पाहिली आहेत. पण मठाच्या जमिनीचा हिशेब त्यांनी हयातीत कोणास दाखविला नाही, हेही खरेच होते. मी दोन्ही लिहिले. अंकात पहिले तेवढेच छापून आले. संपादक म्हणाले, "वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचे होते, भाऊसाहेब!" मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर थोडा ओशाळलोही.

केशवचंद्रांचे काय झाले पाहा. १८७२ चा विवाहाचा कायदा व्हावा म्हणून मोठी खटपट त्यांचीच. त्यात वधूचे वय निदान १४ आणि वराचे १८ ठरले. पुढे १८७८ साली त्यांनीच आपली चौदा वर्षे न भरलेली कन्या सुनीती कुचबिहारच्या महाराजांना दिली, आणि महाराजांनाही अठरावे लागायचे होते! अनुयायी बिथरले. त्याच वर्षी १५ मे रोजी पुष्कळांनी वेगळे होऊन साधारण ब्राह्म समाज स्थापिला. म्हणजे टीका व्हायची ती हयातीतच, तोंडावर, झाली.

मजा पुढेच आहे. केशवचंद्र गेल्यावर जे त्यांच्याजवळ उरले होते, त्यांच्यातच तंटा लागला. आचार्य देहाने गेले तरी मंदिरातील वेदी त्यांचीच, तिच्यावर दुसऱ्या कोणी बसून उपदेश करू नये, असा निष्ठावंतांचा आग्रह. प्रतापचंद्र मजुमदार हे नात्याने आणि स्नेहाने केशवचंद्रांच्या अगदी जवळचे, पण त्यांना हे मानवेना. १८८७ साली त्यांनी गुरुबंधूंच्या डोळ्यांदेखत केशवचंद्रांचे चरित्र लिहिले. ते नुसते स्तोत्र नव्हते. वेदी रिकामी ठेवण्यात भक्ती होती, नाही कशाला म्हणू? पण आसन रिकामे असले म्हणजे त्याच्या नावाने कोणालाही बोलता येते, हा तोटा मजुमदारांना दिसला असावा.

दयानंदांवर लिहिणारा मात्र दूरचा होता. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्स म्युलर यांनी १८८४ सालीच आपल्या चरित्रलेखांच्या पुस्तकात दयानंद आणि केशवचंद्र या दोघांवरही लिहिले. स्वामींची संस्कृत विद्या त्यांनी मान्य केली. परंतु वाफेची यंत्रेदेखील वेदांत शोधण्याच्या खटाटोपाची त्यांनी गय केली नाही. अनुयायांना ते झोंबले तर नवल नाही. पण वाचकहो, स्वामींनी स्वतः तरी कोणाची गय केली होती? 'सत्यार्थप्रकाशा'च्या अकराव्या समुल्लासात कबीर, नानक, वल्लभाचार्य यांच्यापासून ब्राह्म आणि प्रार्थना समाजापर्यंत कोणी सुटलेले नाही. तरीही प्रार्थना समाजाचे न्यायमूर्ती रानडे स्वामींच्या परोपकारिणी सभेत सभासद होते! त्या पिढीची ही ऐट मला फार आवडते.

घरातल्या घरात मात्र आर्य समाजाने पहिली दहा वर्षे स्मारकाच्या कामात घालविली. १८८६ साली लाहोरास स्वामींच्या नावाची शाळा निघाली, ती झपाट्याने वाढली. आणि १८९३ च्या सुमारास पंजाबात समाज दुभंगला. वरवर भांडण मांसाहाराचे आणि शाळेतल्या अभ्यासक्रमाचे. पोटात प्रश्न एकच, की स्वामींचा शब्द न् शब्द बांधून घ्यावयाचा काय? तो आधी विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते असे नाही. पण तो उघड्यावर आला तेव्हा मने कडू झाली होती.

आमच्या गावच्या मठातही आता विश्वस्तांचा जमिनीवरून कज्जा चालू आहे. महाराजांचे वर्षश्राद्ध जवळ आले, संपादकांनी पुन्हा लेख मागितला आहे. कापलेला परिच्छेद मी जपून ठेवला होता. परवा पणत्या काढताना तो सापडला. वाचून पाहिला, त्यातला एक शब्द उगाच बोचरा वाटला, तो खोडला. हिशेबाचे वाक्य तसेच ठेवून कालच्या टपालाने लेख धाडून दिला.