वणवा आणि तेंदूचा पुडा

विदर्भातल्या जंगलात वणवा क्वचितच आपोआप लागतो. उन्हाळ्यातल्या आगीमागे बहुतेक वेळा माणूस असतो आणि त्या माणसामागे त्याचं पोट. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती वेचणं कठीण, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते. तेंदूचंही तसंच. जळलेल्या झुडपाला नवे कोंब फुटतात आणि विडीला तीच कोवळी पानं हवी असतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि मजुरी पुड्यांच्या हिशोबाने.

इंग्रजी वनखात्याने या हिशोबाकडे कधी नीट पाहिलं नाही. १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी करून मध्य प्रांत तयार झाला. त्याच दशकात तिथले वनाधिकारी पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग बाहेर ठेवून दाखवली. साग वाचवायचा तर आग बंद, हे सूत्र तिथून पक्कं होत गेलं आणि जंगलात राहणारा प्रत्येक जण संशयित ठरला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात या धोरणाच्या दोन्ही बाजू दिसतात. कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा. कलम ७९ नुसार, जंगलात काही हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक. म्हणजे जंगल सरकारचं, विझवायचं गावाने. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ऑन-कॉल ड्यूटी म्हणतात, फक्त आम्हाला तिचा पगार मिळतो.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, रचना तीच राहिली. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती गेला आणि पानं ठेकेदाराला लिलावाने जाऊ लागली. ज्याचा संबंध एका हंगामापुरता, त्याला पुढच्या दहा वर्षांच्या जंगलाशी काय देणंघेणं? गावाच्या वाट्याला मजुरी आली, निर्णय नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळी सुरुवात केली ती अभ्यासगटांपासून. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावकरी एकेका प्रश्नाची माहिती जमवत, चर्चा करत आणि मग ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेई. माझ्या मते विदर्भातलं ग्रामीण भागासाठी सर्वात उपयोगी संशोधन हेच, कारण प्रश्न विचारणारे आणि उत्तराचे परिणाम भोगणारे एकच होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

आगीच्या दृष्टीने त्याहून धाडसी निर्णय चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा. २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. आता तेंदूचा पैसा थेट गावाचा झाला असता. पण ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानांसाठी झुडपं छाटावी लागतात, आग लावली जाते, त्यात जंगल खराब होतं, हे त्यांचं कारण. पानं झाडावर राहिली तर टेंभुर्णीची फळं मिळतात, ती खाता येतात, विकताही येतात. जंगलाचा एक चांगला भाग त्यांनी नवी देवराई म्हणून राखला. म्हणजे जी आग कायदा दीडशे वर्षं दंडाच्या धाकाने थांबवू पाहत होता, तिचं मूळ कारणच गावाने एका ठरावात काढून टाकलं.

डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना राज्यांना पाठवतं. आता एकेक ठिपका ३७५ मीटरपर्यंत अचूक असतो. आग कुठे लागली हे त्यातून कळतं. ती मोहासाठी होती की तेंदूसाठी, हे गावात जाऊनच विचारावं लागतं.

पाचगावला हा त्याग परवडला तो मुख्यतः बांबूमुळे. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या, नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेने त्यांना मदत केली. विक्रीचा करार हाती असला की आग न लावण्याची अटही गावाला घालता येते. तेंदूचा पैसा येतो तो पेरणीच्या तोंडावर, बियाणं घ्यायच्या दिवसांत. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याने तो कशाच्या भरवशावर सोडायचा, याचं उत्तर पाचगावकडे मागता येत नाही.