मे, ब्रायन

मे, सर ब्रायन हॅरल्ड : (१९ जुलै १९४७). इंग्लिश रॉक गिटारवादक, गीतकार-संगीतकार, ‘क्वीन’ या बँडचे सहसंस्थापक आणि खगोलभौतिकीचे अभ्यासक. जन्म लंडनलगतच्या हॅम्प्टन येथे. चांगली इलेक्ट्रिक गिटार विकत घेणे घरच्यांना परवडणारे नव्हते, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांच्या मदतीने स्वतःच गिटार बनवायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, तर पट्टीवरच्या खुणा शिंपल्याची बटणे घासून केलेल्या. सुमारे दोन वर्षांनी तयार झालेली हीच ‘रेड स्पेशल’. तिच्या तीन पिकअपना (तारांची कंपने टिपणाऱ्या भागांना) स्वतंत्र बटणे असल्याने सुरांच्या अनेक छटा मिळतात. वाजवताना मे प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतात. ते वाकत नाही, त्यामुळे बोटांची बारीकशी हालचालही थेट तारेपर्यंत पोहोचते आणि त्याची कंगोरेदार कड घासून स्वराला किंचित खरखर येते.

इंपीरियल कॉलेजमधून ते १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. त्याच वर्षी टिम स्टाफेल व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्यांनी ‘स्माइल’ हा बँड काढला. स्टाफेल बाहेर पडल्यावर १९७० मध्ये गायक फ्रेडी मर्क्युरी आले (त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले होते) आणि ‘क्वीन’ उभा राहिला. बासवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आले.

गिटारचे एकावर एक थर ध्वनिमुद्रित करून त्यांतून अख्खा वाद्यमेळ उभा करणे, ही मे यांची खरी देणगी. ‘गुड कंपनी’ (१९७५) या गाण्यातला जॅझ वाद्यमेळ, त्यातली क्लॅरिनेट व ट्रॉम्बोन, सारे त्यांनी एका गिटारवर काढले आहे. ‘वी विल रॉक यू’ (१९७७) हेही त्यांचेच गीत. मोजक्या माणसांच्या पायठोक्यांना व टाळ्यांना त्यांनी मूळ संख्यांच्या प्रमाणात विलंब दिला. त्यामुळे प्रतिध्वनी ऐकू न येता मोठा जमाव ठेका धरत असल्याचा भास होतो. त्यांच्यातला भौतिकशास्त्रज्ञ इथे संगीतकाराच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. वेगाने वाजवणारे गिटारवादक पुष्कळ झाले. पण दोनचार स्वरांत ओळखू येणारा नाद फार थोड्यांना साधला आणि मे त्यांत अग्रणी आहेत.

मर्क्युरी यांच्या निधनानंतर (१९९१) त्यांनी एकल कारकीर्द केली. पुढे टेलर यांच्यासह पॉल रॉजर्स व नंतर अ‍ॅडम लँबर्ट या गायकांना घेऊन ‘क्वीन’चे कार्यक्रम चालू ठेवले. ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात, जून २००२ मध्ये, त्यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवले.

बँडच्या यशामुळे बाजूला पडलेले खगोलभौतिकीतील संशोधन त्यांनी तीन दशकांनंतर पुन्हा हाती घेतले. सूर्यमालेतील धूलिमेघाच्या गतीवरील प्रबंधासाठी त्यांना २००७ मध्ये पीएच.डी. मिळाली. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाचे ते कुलपती होते (२००८–१३). वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी ते सतत लढत आले असून त्यासाठी त्यांनी ‘सेव्ह मी’ ही संस्था स्थापन केली आहे. २०२३ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ५२६६५ क्रमांकाच्या लघुग्रहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.