ओल्या अंथरुणाचा इतिहास

लहान मूल रात्री अंथरूण ओले करते, हा विषय सभेत बोलण्याजोगा आहे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि राज्याभिषेक आठवतात. परंतु ज्या घरात मूल आहे त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येऊन गेलेला असतो, आणि लाजेपोटी तो उंबऱ्याबाहेर पडत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कोणताही प्रश्न पुढे आला की दोन गोष्टी विचारण्याची आम्हांला खोड आहे : यात मेहनत कोणाची पडते, आणि दोष कोणाच्या माथी मारला जातो? ओल्या अंथरुणाच्या इतिहासालाही हेच दोन प्रश्न लावून पाहू.

तक्रार फार जुनी आहे. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या यादीत ‘शय्यामूत्र’ असे त्याचे नावच दिलेले आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात उपाय नोंदविला तो असा, की उकडलेले उंदीर मुलाच्या जेवणात घालावे. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यास टॉमस फेअर या इंग्रज वैद्याने मुलांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. त्यात या त्रासावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कोंबड्याची श्वासनलिका जाळून केलेली पूड दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी, असा त्याचा सल्ला आहे. आज या उपायांचे हसू येते. पण एक गोष्ट त्या वैद्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे : त्यांनी मुलाला औषध दिले; त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही.

ते काम पुढे शिस्तीच्या भोक्त्यांनी केले. याची साक्ष एका प्रसिद्ध लेखकाने दिली आहे. जॉर्ज ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारी येथे झाला. आठव्या वर्षी, १९११ साली, इंग्लंडमधील एका वसतिशाळेत त्यांना घातले. घर सुटलेले ते पोर तेथे अंथरूण ओले करू लागले, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकाने त्याला घोड्याच्या चाबकाने मारले. ‘फारसे लागले नाही’ असे तो सोबत्यांना म्हणाला. ते ऐकू गेले म्हणून चाबूक मोडेपर्यंत पुन्हा मारले. ही हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अमेरिकेत छापली गेली. ऑर्वेल प्रामाणिक लेखक. त्रास पुढे थांबला, हेही त्यांनी लपविले नाही, पण त्याची किंमत फार मोठी पडली असे त्यांनी बजावले आहे. जे आपल्या हाती नाही, जे आपण इच्छितही नाही, तेही पाप ठरू शकते, हा त्या मारातून मिळालेला धडा त्यांना जन्मभर विसरता आला नाही. आणि ही शाळा गरिबांची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

याच सुमारास एक वेगळी वाट योगायोगाने सापडली. १९०४ साली फाउंडलर या जर्मनभाषक बालरोगतज्ज्ञाने आपल्या रुग्णालयासाठी विजेची एक घंटा तयार केली. मुलाचे अंथरूण ओले झाले की घंटा वाजावी आणि परिचारिकेने येऊन ते बदलावे, एवढाच तिचा हेतू. म्हणजे हे यंत्र मूल बरे करण्यासाठी जन्मलेच नव्हते. काम करणाऱ्या बाईला वर्दी देण्यासाठी जन्मले होते. पण काही दिवसांनी दिसले की घंटेने जागी होणारी मुले आपोआप कोरडी राहू लागली. पुढे अमेरिकेत न्यू हेवन येथे होबार्ट माउरर आणि त्यांच्या पत्नी विली मे या दांपत्याने हीच कल्पना पद्धतशीरपणे वापरली. १९३८ साली त्यांनी ३० मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ती सगळी दोन महिन्यांच्या आत सुधारली होती. चाबकाला जे मोठ्या किमतीने साधले, ते घंटेने कोणालाही न दुखविता साधले.

परंतु हा प्रश्न घराच्या चार भिंतींतून निघून एका राष्ट्राच्या सरकारपुढे कागदोपत्री उभा राहिला, तो दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. त्याच दिवशी ब्रिटनने लंडन व इतर मोठ्या शहरांतून मुलांना खेड्यापाड्यांत हलविण्यास आरंभ केला. तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलविली गेली. त्यांत ८ लाखांवर शाळकरी मुले आईबापांवाचून निघाली होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात पिशवी. पुष्कळ गाड्यांत शौचकूप नव्हते. रात्री ही मुले अनोळखी घरात, अनोळखी अंथरुणात झोपली, आणि सकाळी हजारो अंथरुणे ओली निघाली.

गावोगाव ओरड झाली. एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग आणि एकाहून अधिक असल्यास प्रत्येकी साडेआठ, एवढ्यावर ज्या बायांनी मुले ठेवून घेतली त्यांच्या गाद्या खराब झाल्या, चादरी रोज धुवाव्या लागल्या. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण तो संताप वळला कोणाकडे? शहरातल्या गरीब आईकडे. ‘झोपडवस्तीतल्या बायांना मुलांना वळण लावता येत नाही’ असे वर्तमानपत्रांतून व सभांतून बोलले गेले. ज्या वस्तीत अनेक कुटुंबांत मिळून अंगणापलीकडे एकच शौचकूप, तेथे मूल रात्री अंधारात एकटे कसे जाणार, हे त्या आईला विचारायला कोणी गेले नाही. गिरणगावच्या चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, खोलीत आठ-दहा माणसे, रात्रपाळीहून बाप येण्याची वेळ, आणि सकाळी कठड्यावर वाळत घातलेली गोधडी पाहून शेजाऱ्यांनी ओळखायचे ते ओळखलेले!

या दोषारोपाला उत्तर देणारा माणूस आम्हांला विशेष जवळचा वाटतो. रिचर्ड टिटमस हा एका शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. विमा कचेरीत कारकुनी केली. पदवी कधी घेतली नाही. युद्धकाळातील समाजव्यवस्थेचा इतिहास त्याने सरकारी कागद चाळून लिहिला. तो १९५० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाला. त्याच्या मांडणीचे मर्म असे, की ओल्या अंथरुणाचे मोठे कारण आईची हयगय हे नव्हे, तर मुलाचे घरापासून तुटणे हे होते. मुले स्थिरावत गेली तसा त्रास पुष्कळसा ओसरला. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींना लंडनमधील त्यांच्या युद्धकालीन बालगृहांत हाच अनुभव आला. बाँबच्या आवाजापेक्षा आईचा वियोग लहानग्यांना अधिक उखडतो, आणि वळण लागलेली मुलेही पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, असे त्यांनी १९४२ साली लिहिले. ऑर्वेलची सधन शाळा आठवा. दारिद्र्य आणि श्रीमंती या दोन टोकांना एकच गोष्ट समान होती : घरापासून तुटलेले लहान मूल.

आता सरकारने काय केले ते पाहू. चादरी धुणाऱ्या बायांसाठी १९४० साली आठवड्याला साडेतीन शिलिंगांपर्यंत जादा रक्कम मंजूर झाली. आमच्या भाषेत याला धुलाई भत्ता म्हणतात. कारखान्यात गणवेश धुण्याच्या पैशासाठी वाटाघाटीत किती डोकेफोड करावी लागते, हे आम्ही जाणतो. येथे एका राज्ययंत्रणेने मान्य केले, की मुलाची चादर धुणे हेही काम आहे आणि त्याला मोल आहे. रबरी चादरी पुरविण्याची खटपट झाली. ज्यांना कोणत्याच घरी ठेवता येईना अशा मुलांसाठी लहान वसतिगृहे काढली गेली. ऑक्सफर्डशायरमध्ये डोनाल्ड विनिकॉट हे डॉक्टर आणि क्लेअर ब्रिटन या समाजसेविका त्या कामात होत्या. अपमानाऐवजी मेणकापड, भत्ता आणि सांभाळणारे माणूस दिले, तेव्हाच घरधनिणीचा राग निवळण्यास वाट मिळाली.

आजचे वैद्यक या इतिहासाला दुजोराच देते. पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षी शंभरांत सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात, आणि त्यानंतर दर वर्षी त्यांतील सुमारे पंधरा टक्के काही न करता सुधारतात. आईबापांपैकी दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर दहांत सात-आठ मुलांना तो होतो. तेव्हा रागावण्यापूर्वी बापाने आपल्या आईला आपले बालपण विचारून घ्यावे. काही मुलांत रात्री मूत्र कमी करणारा शरीरातील स्राव पुरेसा नसतो, काहींना मूत्राशय भरल्याची जाग येत नाही. मूल हे मुद्दाम करीत नाही.

उपायही साधे आहेत. पाणी तोडू नये; ते दिवसभरात पोटभर द्यावे, झोपण्यापूर्वी मात्र कमी. निजण्याआधी लघवीला न्यावे. वाटेवर दिवा ठेवावा. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी दूर करावे, कारण पुष्कळदा मूळ तेथेच असते. मोठ्या मुलांना फाउंडलरच्या घंटेची आजची आवृत्ती उपयोगी पडते. डेस्मोप्रेसिन नावाचे औषधही आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला तहान फार लागू लागली, किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. आणि त्याच्या मनावर घरात, शाळेत कसले ओझे पडले आहे काय, हेही पाहावे.

आरंभी विचारलेल्या दोन प्रश्नांचा हिशेब असा लागतो. दोष शतकानुशतके मुलाच्या आणि त्याच्या आईच्या माथी मारला गेला, आणि चादर धुण्याची मेहनतही तिच्याच वाट्याला आली. यातील पहिली गोष्ट शास्त्राने खोडून काढली आहे. दुसरी शास्त्र बदलू शकत नाही, ती आपण घरात बदलावयाची आहे. तेव्हा उद्या सकाळी कोणाच्या घरी अंथरूण ओले निघाले, तर शेजाऱ्यांदेखत मुलाची नाचक्की होऊ नये, आणि ती चादर बादलीत भिजत घालायला घरातल्या पुरुषाचा हात प्रथम पुढे यावा, एवढे आमचे मागणे आहे.